दारात उभा राहिलेला निरोप

"निरोप दिलास का लगीच पलून येवाचा नाय. समोरचीनं घेतला का ता बगाचा, मंगच दारातनं हलाचा."

आईचा हा आवाज जागृतीच्या कानात लहानपणापासून बसलेला. उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यात तेव्हा घरोघर फोन नव्हते. कुणाकडे हळदीकुंकू असो, कुणाचं बारसं असो, की ओहोटीमुळे मुंबईची लाँच वेळेआधी सुटणार असल्याची खबर असो, सगुणाबाई लेकीला पिटाळत आणि पिटाळताना एवढं एक वाक्य पाठीवर बांधून देत. पोरगी गुणाची. ती जाई, निरोप देई, समोरच्या बाईची मान हललेली बघे आणि मगच माघारी वळे.

एकदा तर ती सुंदराबाईंच्या दारात अख्खी दुपार उभी राहिली. सुंदराबाई आत गाढ झोपलेल्या. मोठ्या माणसाला झोपेतून उठवायचं नाही ही आईचीच शिकवण, आणि निरोप दिल्यावाचून परतायचं नाही हीही तिचीच. दोन्हींच्या मध्ये पोर ऊन खात उभी. शोधाशोध झाली, सापडली, आणि त्या संध्याकाळी आळीभर तिचं कौतुक झालं. आपली पोर उभी राहिली पण हलली नाही, असं सगुणाबाई पुढे कितीतरी वर्षं सांगत असत. निरोप काय होता ते मात्र आळी विसरली. उभं राहणं तेवढं लक्षात राहिलं.

ती जागृती आता शिकून इंजिनीअर झाली होती. सीबीडी बेलापूरला दोन मैत्रिणींबरोबर राहायची आणि महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला जायची. कंपनी छोटी, पण काम मोठं नाजूक. यंत्रांच्या पोटात बसवायच्या पेट्या बनवायच्या आणि त्या पेट्यांना शहाणं करायचं. गेल्या वर्षभरात तिनं एक पेटी हट्टानं मालकांच्या गळी उतरवली होती. मासेमारीच्या होडीत, फळ्यांखाली तळात पाणी साचायला लागलं की बझर वाजवून खलाशांना उठवणारी आणि घरच्या फोनवरही निरोप धाडणारी.

हट्टाला कारण होतं. गेल्या हंगामात तिच्या वडिलांची, कमळाकरांची होडी खोल दर्यात असताना तळात पाणी भरलं. सगळे जाळं ओढण्यात गुंतलेले, कुणाला पत्ता नाही. इंजिन खोकून बंद पडलं तेव्हा समजलं. शेजारच्या होडीनं दोर टाकून त्यांना ओढत बंदराला आणलं. माणसं सुखरूप आली, एकवीरा आईची कृपा. पण सगुणाबाईंनी त्या दिवशी देवीपुढे हात जोडले आणि वसा घेतला: होडी दर्यावर आहे तोवर मी दिवसातून एकदाच जेवीन.

वसा म्हणजे वसा. होडी चार दिवस गेली तर चार दिवस, आठ दिवस गेली तर आठ. सकाळी देवपूजा करून एकदा पानावर बसायचं, ते झालं की रात्री नुसतं पाणी. पहिले काही महिने बाई हसतमुख होत्या. मग एकदा धक्क्याच्या पायऱ्यांवर त्यांना भोवळ आली. उरणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. उपाशी राहायचं नाही, गोळी घ्यायची आणि दोन्ही वेळा जेवायचं, असं त्यांनी बजावलं. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी येऊन आपला वसा चालू ठेवला.

जागृती रागावली, रडली. स्वतः श्रावणातले सोमवार धरणारी मुलगी ती. व्रत मोड असं तिच्या जिभेवर येईना. शेवटी सगुणाबाईंनीच वाट काढली. म्हणाल्या, "घेतलेला वसा असा टाकून देता येत नाय, बाय. होडीला कोनी राखनदार भेटू दे. पानी आयला का सांगनारा. मंग मी उद्यापन करीन आनी दोन येल जेवीन. आईला सबूद देते."

जागृतीनं मनात गाठ मारली. तो राखणदार मीच आणून देते.

आता ही पेटी आतून कशी चालते ते थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेटीत प्रोसेसर एकच, पण कामं पुष्कळ. म्हणून प्रत्येक कामाला एक वेगळा थ्रेड नेमलेला असतो. एका घरात कामं वाटून घ्यावीत तसं. एक थ्रेड तळातल्या पाण्यावर नजर ठेवतो, एक इंजिन किती तापलं ते बघतो, एक बॅटरी सांभाळतो. हे थ्रेड एकमेकांशी थेट बोलत नाहीत; बोलले तर एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं घुसतं आणि सगळाच घोळ होतो. म्हणून त्यांच्या मध्ये एक रांग ठेवतात, निरोपांची रांग. तिला मेसेज क्यू म्हणायचं. ज्याला काही सांगायचं आहे त्यानं रांगेच्या शेवटी आपला निरोप ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. रांगेच्या दुसऱ्या तोंडाशी एक थ्रेड बसलेला. तो एकेक निरोप उचलणार, धोक्याचा असेल तर बझर वाजवणार, आणि तो घरच्या फोनवर पाठवणार. ऑफिसात सगळे त्याला पोस्टमन म्हणत.

रांगेत जागा मोजकीच असते. ती भरली, तर निरोप घेऊन आलेल्यानं काय करायचं? क्षणभर थांबून परत फिरायचं, की जागा होईपर्यंत तिथेच उभं राहायचं? हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. जागृतीनं लिहिलं: उभं राहायचं. कितीही वेळ लागो.

तिचे वरिष्ठ आशुतोष सर कराडकडचे. माणूस जाणकार, पण जीभ तिरकी. त्यांनी ती ओळ बघून भुवई उचलली होती. कायमचं थांबायला लावतेस होय गं, असं विचारलं होतं. जागृती हळूच पण ठाम म्हणाली होती की निरोप टाकून परत यायचं नसतं, सर. पाण्याचा निरोप हरवला तर? आशुतोष सर हसले. म्हणाले, "कोडमध्येसुद्धा संस्कार. धन्य आहे तुमची." आणि पुढे गेले. ऑफिसात टेबलावर पेटी हजारदा तपासली, हजारदा वाजली. प्लास्टिकच्या टबात पाणी ओतलं की लगेच किंचाळायची. मग कोण कशाला त्या ओळीकडे परत बघतंय?

नारळी पौर्णिमा जवळ आली. मासेमारीची बंदी उठली होती, पण कमळाकर दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी काढणाऱ्यांतले नव्हते. त्याआधीच्या एका रविवारी इंजिन नीट चालतंय का बघायला होडी थोडी बाहेर नेऊन आणायची ठरली, आणि त्याच फेरीत पेटीचीही परीक्षा घ्यायची.

जागृती सकाळीच उरणला उतरून मोऱ्याला पोचली. कमळाकरांनी पेटी हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि केबिनमध्ये देवीच्या तसबिरीच्या फळीवर, लिंबू-मिरचीच्या शेजारी नेऊन ठेवली. लेकीनं केलेली वस्तू, म्हणून मायेनं. पण त्या मायेनंच जागृतीला जरा टोचलं. देवाजवळ ठेवलेल्या वस्तूकडून कुणी कामाची अपेक्षा करत नाही.

होडी निघाली. धक्का मागे पडला, बंदरातल्या होड्या, मग झाडं. बरंच बाहेर आल्यावर कमळाकरांनी इंजिनचा वेग कमी केला आणि लेकीकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यांनी एक फळी उचलली आणि दोन बादल्या समुद्राचं पाणी तळात ओतलं.

पेटी गप्प.

आणखी एक बादली. तरी गप्प. वरचा हिरवा दिवा तेवढा शांतपणे लुकलुकत होता, जसं काही झालंच नाही. जागृतीनं तळात बसवलेला सेन्सर हातानं चाचपला, वायर तपासली, सगळं जागच्या जागी.  कमळाकरांनी पाणी उपसून काढलं, होडी वळवली आणि वाटेत लेकीला चहा दिला.

आणि होडीचं नाक धक्क्याला टेकायला आलं, तेव्हा पेटी कर्कश ओरडायला लागली. तळ एव्हाना कोरडा झालेला.

धक्क्यावर जाळी नीट करत बसलेल्या बायका दचकल्या आणि मग हसत सुटल्या. सुंदराबाई त्यांत पुढे. आता वय झालेलं, पण आवाज तोच खणखणीत. म्हणाल्या, "कमलाकर, तुजी पेटी घरी आयल्यावर वरडते रं. नवऱ्यासारखी." मग जागृतीकडे बघून बाजूच्या बाईला सांगू लागल्या की हीच ती, माझ्या दारात उभी राहून माझी लाँच घालवली होती. जागृतीनं ते ऐकलं, ओशाळं हसली, आणि त्या वेळी तरी तिला त्यात टोमण्यापलीकडे काही दिसलं नाही.

कारण समोरून सगुणाबाई येत होत्या. लगबगीनं, पदर खोचून, चेहरा उजळलेला. त्यांनी घरातून आवाज ऐकला होता.

"वरडली ना गो? मी आईकली. पार घरात आईकली." त्यांनी लेकीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आईनं आईकला माजा. आता नारलाच्या दिवशी उद्यापन करते बग."

 होडीवरून कमळाकर जागृतीकडे बघत होते. त्यांनी नजरेनंच सांगितलं, काही बोलू नकोस. घरी गेल्यावर, सगुणाबाई आत चहा टाकत असताना, त्यांनी ते शब्दांतही सांगितलं, अगदी हळू आवाजात. की ती दोन वेळा जेवायला लागली तर पुरे आहे. पेटी काय, मी पुन्हा देवाजवळच ठेवीन. मी आजवर दर्यावर पेटीच्या भरवशावर गेलोय का? तिला जेवू दे.

बोलणं खोटं नव्हतं. बायकोच्या सुकलेल्या मनगटांकडे बघून बोलणारा माणूस होता तो. जागृतीला वाटलं, होय म्हणावं. एका शब्दाचं काम. आईच्या ताटात रात्रीची भाकरी येईल, गोळी वेळेवर जाईल. यात कुणाचं काय बिघडतं?

पण सगुणाबाई चहा घेऊन आल्या. खाली बसल्या, आणि देवीच्या तसबिरीकडे बघून त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपुढे जागृतीला खोटं बोलवेना. ज्या वचनावर आई वसा सोडणार, ते वचनच पोकळ निघालं तर? होडी पुन्हा बाहेर असताना पाणी भरलं आणि पेटी गप्प राहिली, तर आई म्हणेल, मी जेवले म्हणून झालं.

"आई, आता नको," ती म्हणाली. "पेटी उशिरा वाजली. पानी ओतला तवा नाय वाजली. धक्क्याला लागल्यावर वाजली."

सगुणाबाईंचा हात कपाशी थांबला.

"म्हंजे वाजलीच नाय," त्या म्हणाल्या. रागानं नाही, जसं एखादा हिशेब नीट समजून घ्यावा तसं.

"नाय वाजली. पन नारलाच्या आधी मी नीट करून आनते. तवर तू धीर धर."

त्या रात्री होडी बंदरात होती, म्हणून सगुणाबाई नवऱ्याबरोबर आणि लेकीबरोबर जेवल्या. पण भात थोडाच वाढून घेतला. जसं पुढच्या उपासांची आतापासून सवय करत होत्या.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. दुपारी ऑफिसातले सगळे जेवायला गेले, आणि उपास असलेली जागृती एकटी टेबलाशी पेटी घेऊन बसली. काल काय वेगळं होतं? पाणी खारं होतं, इंजिन धडधडत होतं, ऊन होतं. यांतलं एकेक सकाळपासून करून बघितलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, बाहेर दर्यात एक गोष्ट नव्हती. तिथे मोबाइलचा टॉवर नव्हता.

तिनं पेटीतलं सिमकार्ड काढलं. थोडा वेळ जाऊ दिला. मग टबात पाणी ओतलं.

पेटी गप्प. हिरवा दिवा लुकलुकत राहिला.

तिनं लॅपटॉप जोडला आणि पेटीच्या पोटात कोण काय करतंय ते बघितलं. पोस्टमन एक निरोप हातात घेऊन उभा होता. टॉवर मिळेपर्यंत तो पाठवता येत नव्हता, म्हणून पुढचा उचलत नव्हता. त्याच्यामागे रांग गच्च भरलेली. इंजिन ठीक आहे. बॅटरी ठीक आहे. इंजिन ठीक आहे. बॅटरी ठीक आहे. सगळे बिनकामाचे, शिळे निरोप. आणि रांगेच्या बाहेर, आत घुसायला जागा नाही म्हणून, पाण्याचा थ्रेड. त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिलेला होता: थांबलेला.

त्याच्या हातात निरोप होता. खरा, ताजा, जीव वाचवणारा. आणि तो दारात उभा होता, कारण तिनंच त्याला सांगितलं होतं, घेतल्याशिवाय हलायचं नाही. उभं राहिल्यामुळे त्याचं पाण्यावर नजर ठेवणंही बंद पडलं होतं. काल धक्क्याजवळ टॉवर मिळाला आणि रांग हलली, तेव्हाच त्याला आत जागा झाली होती.

जागृतीच्या डोळ्यांपुढे एकदम ती दुपार आली. सुंदराबाईंचं दार, तापलेली पायरी, आतून घोरण्याचा आवाज. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला तो निरोपही आठवला. ओहोटी लवकर लागतेय, लाँच आत्ता सुटेल, सुंदराबाईला म्हणावं माशांच्या पाट्या घेऊन पळ. हेच सांगायला आईनं धाडलं होतं. ती उभी राहिली, उन्हात, एकही शब्द न बोलता, आणि लाँच गेली. सुंदराबाईंचे मासे त्या दिवशी भाऊच्या धक्क्याला पोचलेच नाहीत. आळीनं कौतुक केलं ते पोरीच्या निष्ठेचं. निरोपाचं काय झालं हे फक्त सुंदराबाईंच्या लक्षात राहिलं होतं, आणि त्या ते हसत सांगत होत्या.

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. आईची शिकवण चुकीची नव्हती. हळदीकुंकवाच्या निरोपाला ती बरोबरच होती. पण काही निरोप असे असतात की पोचले पण वेळेवर नाही पोचले, तर न पोचल्यासारखेच. अशाच कामांसाठी तर ही रिअल-टाइम म्हणवणारी सगळी व्यवस्था असते. तिथे उशिराचं उत्तर हे चुकीचं उत्तर.

आशुतोष सर ढेकर देत परत आले, तेव्हा तिनं त्यांना सगळं दाखवलं. ती ओळही दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. टोमणा येईल म्हणून ती वाट बघत होती.

"मी पण सही केली होती यावर," ते म्हणाले. "हसण्यावारी नेलं. चल, दोघं मिळून निस्तरू."

बझर पोस्टमनच्या हातून काढून घ्यायचा, हे पहिल्यांदा ठरलं. होडीतल्या माणसाला उठवायला टॉवर कशाला लागतो? बझरला स्वतःचा थ्रेड आणि स्वतःची छोटी रांग दिली. त्या रांगेत धोक्याचे निरोप सोडून दुसरं काही जाणार नाही, आणि पाणी आलं तर त्याचा निरोप शेवटी नाही, सगळ्यांच्या पुढे ठेवायचा. घरच्या फोनच्या रांगेत जागा नसेल तर सगळ्यात जुना, शिळा झालेला निरोप काढून टाकायचा आणि नवा आत घ्यायचा. आणि पाण्याच्या थ्रेडनं कुणाच्याही दारात थांबायचं नाही. निरोप ठेवला की परत पाण्याकडे. ही शेवटची ओळ जागृतीनं स्वतःकडे ठेवली. मनातल्या मनात तिनं आईला हात जोडले आणि लिहिली.

मग बाकीचे दिवस ती आणि आशुतोष सर पेटीला छळत राहिले. सिम काढून, अँटेना झाकून, रांगा मुद्दाम भरून. पेटी दरवेळी ओरडली. ऑफिसातल्या लोकांनी शेवटी हात जोडले, की बाई, आता हिला घेऊन जा.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होडी पुन्हा बाहेर गेली, पेटी पुन्हा देवीच्या फळीवर. या वेळी धक्क्यावर कुणाला काही सांगितलं नव्हतं. टॉवर केव्हाच मागे पडला होता. जागृतीच्या फोनवर सिग्नलची एकही दांडी नव्हती. तिला वाटलं, बाबा मागच्यासारखं तिच्याकडे बघतील, मग ती मान हलवेल. कमळाकरांनी तसं काही केलं नाही. ते तिला दूरच्या एका जहाजाबद्दल सांगत होते, कुठल्या देशाचं, काय भरलंय, असं. ती त्या जहाजाकडे बघत राहिली.

पाठीमागे पेटी एवढ्या जोरात किंचाळली की ती दचकून केबिनच्या चौकटीवर आपटली. वळून बघते तर खलाशी फळीशी वाकलेला, हातात रिकामी बादली. कमळाकरांनी त्याला आधीच शिकवून ठेवलं होतं.

"असाच येतो पानी," ते शांतपणे म्हणाले. "सांगून नाय येत."

आणखी दोनदा त्यांनी तसंच केलं, वेगवेगळ्या जागी, तिचं लक्ष नसताना. दोन्हीदा पेटी ओरडली. मग त्यांनी केबिनमध्ये जाऊन देवीच्या फळीवरून पेटी खाली काढली. लिंबू-मिरची तिथेच राहू दिली. पेटी त्यांनी सुकाणूच्या उजव्या हाताला, जिथे इंजिनचा काटा आणि होकायंत्र होतं तिथे, स्क्रू मारून घट्ट बसवली.  

संध्याकाळी सगुणाबाई होडीवर फुलं बांधायला आल्या. फळी मोकळी दिसली तशी त्यांची नजर फिरली.

"देवाजवलची पेटी कुठं गेली?"

"कामाला लावली," कमळाकर म्हणाले.

सगुणाबाईंनी सुकाणूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि शेवटी लेकीकडे.  लेकीनं हळूच सांगितलं, "येलेवर वाजली, आई. टावर नसताना वाजली."

पौर्णिमेला आभाळ पावसाळी होतं, पण दर्या निवळलेला. सगळा कोळीवाडा नटून धक्क्यावर आला होता. सगुणाबाईंनी हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून देवीची ओटी भरली. मग सोनेरी कागद लावलेला नारळ दोन्ही हातांत धरून पायऱ्या उतरल्या. याच पायऱ्यांवर त्यांना भोवळ आली होती, म्हणून जागृती एक पायरी खाली, हात पुढे करून उभी होती. हाताची गरज पडली नाही. पाण्याशी वाकून सगुणाबाई पुटपुटल्या. काय म्हणाल्या ते कुणाला ऐकू आलं नाही, ते त्यांचं आणि दर्याचं. नारळ पाण्यावर पडला, एकदा बुडून वर आला आणि ओहोटीबरोबर जाऊ लागला. मग त्यांनी सुंदराबाईंना हळदीकुंकू लावून त्यांच्या पदरात तांदूळ आणि खण घातला. उद्यापनाची ओटी.

सुंदराबाई म्हणाल्या, "पोरीनं माजी लाँच घालवली, पन तुजा उपास सोडवला. फिटला बाय." आणि जागृतीच्या पाठीत एक धपका घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला होडी निघाली. जागृतीनं रजा वाढवून घेतली होती. दोघी मायलेकी धक्क्यावर उभ्या राहिल्या; होडी लहान होत गेली, मग ठिपका झाली, मग नुसता अंदाज उरला. जागृतीच्या फोनवर पेटीचा शेवटचा निरोप आला: सगळं ठीक आहे. त्यानंतर टॉवर संपला आणि फोन गप्प झाला. त्या गप्प होण्याचं तिला भय वाटलं नाही असं नाही. पण आता तिला ठाऊक होतं की तिथे, त्या गप्पपणाच्या आत, कुणीतरी दारात अडकून न पडता पाण्याकडे बघत बसलं आहे.

घरी आल्यावर सगुणाबाईंनी अंगण झाडलं. वाळत घातलेलं सुकट आत घेतलं. दिवेलागण झाली तशी देवापुढे निरांजन लावलं आणि बराच वेळ बसून राहिल्या. जागृती ओटीवरून बघत होती. होडी दर्यावर असताना या वेळेला घरातली चूल वसा घेतल्यापासून कधी पेटलेली नव्हती. आईला आठवण करून द्यावी का, असं तिच्या मनात आलं. दिली नाही.

सगुणाबाईंच्या बोटांत माळ होती. ती त्यांनी डोळ्यांना लावली आणि डबीत ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.  स्वयंपाकघरात गेल्या, तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि दोघींच्या मापानं तांदूळ सुपात घेऊन निवडायला बसल्या.